लेझर-स्किन क्लिनिकसाठी सॉफ्टवेअर घेताय? या चुका टाळा

जळगाव, धुळे, भुसावळकडे आता लेझर, पील, बोटॉक्स, फिलर यासाठी पुण्या-नाशिकला जावं लागत नाही. क्लिनिक काढताना लेझर मशीनसाठी दहा ठिकाणी चौकशी होते, सॉफ्टवेअर मात्र एका डेमोवर ठरतं. काही महिन्यांत रिसेप्शनवर पुन्हा वही उघडते. कारण बहुतेक वेळा एकच असतं. हे काम अर्धं दवाखान्याचं, अर्धं पार्लरचं. पार्लरच्या सॉफ्टवेअरला पॅकेज कळतं, औषधाचा बॅच नंबर कळत नाही. हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअरला केसपेपर कळतो, पण आठपैकी तीन सिटिंग झाल्या हे कळत नाही. म्हणून विक्रेत्याचा नमुना डेटा बघत बसू नका. आपल्याकडची अवघड उदाहरणं द्या आणि तुमच्याच रिसेप्शनिस्टला ती भरायला सांगा.

व्हायल मोजणं, युनिट न मोजणं

सगळ्यात जास्त पैसा इथे गळतो. बोटुलिनम टॉक्सिनची (म्हणजे बोटॉक्सच्या औषधाची) १०० युनिटची व्हायल, म्हणजे छोटी बाटली, २.५ मिली सलाईनमध्ये विरघळवली की ०.१ मिलीत ४ युनिट येतात. भुवयांमधल्या आठ्यांसाठी एका पेशंटला २० युनिट लागले, तर ८० उरले. सॉफ्टवेअर नुसत्या व्हायल मोजत असेल तर स्टॉकमध्ये एक तरी दिसेल नाहीतर शून्य, आणि दोन्ही आकडे खोटे. बोटॉक्सच्या लेबलनुसार विरघळवलेलं औषध २ ते ८ अंशांत ठेवून २४ तासांत वापरायचं असतं, त्यामुळे उरलेलं फेकावंही लागतं. डेमोत एवढं करून बघा: एक व्हायल १०० युनिट म्हणून खरेदीत घ्या, २० वापरा, शिल्लक ८० दिसते का पाहा, मग ती ८० कारणासह ‘वाया’ म्हणून टाका. शेवटी बॅच नंबर टाकून तो कोणाकोणाला दिला याची यादी काढा. कंपनीने एखादी बॅच परत मागवली तर ही यादी दोन मिनिटांत हाती लागायला हवी.

फिलरचा नियम वेगळा आहे. १ मिलीची सिरिंज एकाच पेशंटची, उरलेलं दुसऱ्याला द्यायचं नाही. ते परत स्टॉकमध्ये जमा करणारं सॉफ्टवेअर घेऊ नका.

कॅलेंडर फक्त डॉक्टरांचं असणं

मुरुमांच्या खड्ड्यांवरच्या लेझरला आधी पाऊण तास बधिर करणारी क्रीम, मग मशीनवर वीस-पंचवीस मिनिटं, मग थंड शेक. डॉक्टर लागतात ते मधल्या टप्प्यातच. डॉक्टर, खोली आणि मशीन यांच्या वेळा वेगवेगळ्या अडवता येत नसतील, तर एक तर डॉक्टर रिकामे बसतात, नाहीतर दोन खोल्यांत दोन पेशंट आणि मशीन एकच अशी वेळ येते. एकच मशीन एकाच वेळी दोन खोल्यांना देऊन बघा. सॉफ्टवेअरने अडवलं पाहिजे.

नावावरून केसपेपर शोधणं

आपल्याकडे पाटील, चौधरी, महाजन किती! त्यात इंग्रजी स्पेलिंग दर वेळी निराळं आणि मोबाइल नंबर घरात मिळून एक. चुकीचा केसपेपर उघडला तर चुकीच्या सेटिंगवर लेझर चालतं आणि चेहऱ्यावर डाग पडतो. प्रत्येकाला स्वतंत्र पेशंट नंबर हवा. शोधताना नावासोबत गाव, जन्मसाल आणि फोटो समोर यायला हवा.

लेझरची नोंदही मोकळ्या मजकुरात नको. तरंगलांबी, फ्लुएन्स (त्वचेच्या ठराविक जागेवर पडणारी ऊर्जा), स्पॉट साइज, पल्सचा (लेझरच्या एका झोताचा) कालावधी आणि त्वचेचा प्रकार यांना वेगळे रकाने हवेत, आणि मागच्या सिटिंगचे आकडे शेजारीच दिसायला हवेत. आपली त्वचा बहुतेक करून फिट्झपॅट्रिक (त्वचेच्या रंगाची सहा प्रकारांची मोजपट्टी) चार-पाचची, तिला भाजण्याचा धोका मुळातच जास्त. वरून खान्देशचा उन्हाळा. आखाजीला माहेरी आलेली लेक चार दिवसांत लेझर उरकून घ्यायला येते, तेव्हा अंगावर ताजं टॅन असू शकतं. ‘गेल्या महिन्याभरात उन्हात काम किंवा प्रवास झाला का?’ याचं उत्तर भरल्याशिवाय सिटिंग सुरूच होऊ नये, अशी सक्ती सॉफ्टवेअरमध्ये लावून घ्या.

सगळ्या बिलाला एकच जीएसटी दर

आजारावरचा उपचार करमुक्त. निव्वळ सौंदर्यासाठीच्या प्रक्रियेवर १८ टक्के. पार्लर प्रकारच्या सेवांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून इनपुट क्रेडिटशिवाय (खरेदीवर भरलेला कर वळता न करता) ५ टक्के. काउंटरवरच्या सनस्क्रीनवर पुन्हा १८. हे सगळं एका बिलात येऊ शकतं, म्हणून दर ओळीगणिक लागला पाहिजे. कोणती प्रक्रिया कशात बसते ते सीएंकडून लिहून घ्या आणि शक्य असेल तर डेमोलाच त्यांना बसवा. सेवेसाठी घेतलेल्या आगाऊ रकमेवरही जीएसटी लागतो, तेव्हा पॅकेजचे पैसे आले त्या दिवशीच पावती निघायला हवी. आठ सिटिंगचे २४,००० घेतले आणि पेशंट तिसऱ्यानंतर थांबला, तर ९,००० वापरले, १५,००० शिल्लक, हे एका क्लिकवर दिसलं नाही तर काउंटरवर भांडण ठरलेलं.

फोटो डॉक्टरांच्या मोबाइलवर ठेवणं

आधीचे-नंतरचे फोटो थेट सॉफ्टवेअरमध्ये जाणारं अ‍ॅप हवं. खासगी मोबाइलच्या गॅलरीतून ते कुठे सिंक होतील याला धरबंध नाही. संमती तीन वेगळ्या घ्या: उपचाराची, नोंदीसाठी फोटोची आणि प्रसिद्धीची. डेटा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यानुसार संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणंही सोपं असावं लागतं, आणि १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची लागते. फॉर्म मराठीत असावा. विकत घेण्याआधी त्याची प्रिंट काढा. पडद्यावर नीट दिसणारे ‘त्वचा’, ‘शस्त्रक्रिया’ हे शब्द पीडीएफमध्ये अनेकदा तुटतात.

एसएमएससाठी डीएलटी नोंदणी (व्यावसायिक मेसेजसाठी टेलिकॉम कंपन्यांकडे करायची) आणि मंजूर टेम्पलेट लागतं, त्याला वेळ ठेवा. मेसेजमध्ये उपचाराचं नाव घालू नका. फोन घरात सगळे बघतात. ‘उद्या ११ वाजता अपॉइंटमेंट’ एवढं पुरे.

लाईट आणि नेट गृहीत धरणं

डेमो चालू असताना राउटर बंद करा. त्या दिवसाची यादी आणि पेशंटच्या अ‍ॅलर्जी तरीही दिसायला हव्यात. यूपीएसवर कॉम्प्युटर घेतला आणि राउटर विसरला, असं फार ठिकाणी आढळतं. ब्रॉडबँडसोबत दुसऱ्या कंपनीचं सिम असलेला डोंगल ठेवा.

बाहेर पडायचा रस्ता न विचारणं

पैसे भरण्याआधी दहा पेशंटचा संपूर्ण डेटा बाहेर काढून मागा: नोंदी एक्सेलमध्ये, फोटो पेशंट नंबरच्या फोल्डरमध्ये. नुसत्या पीडीएफ मिळत असतील तर थांबा. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं नोंदी सांभाळाव्या लागतात आणि मागितल्यावर ७२ तासांत द्याव्या लागतात. सॉफ्टवेअर कंपनी बंद पडली तरी ही जबाबदारी डॉक्टरांचीच राहते.

नवं सॉफ्टवेअर ऐन लग्नसराईत सुरू करू नका. पावसाळ्यात गर्दी कमी असते तेव्हा घ्या. जुन्या पॅकेजच्या उरलेल्या सिटिंग हाताने मोजा, प्रत्येक पेशंटची त्यावर सही घ्या आणि मगच तो आकडा नव्या सॉफ्टवेअरमध्ये चढवा.