सिम्स ४ मध्ये गरोदरपणातल्या आहाराचा मॉड टाकताय? या चुका टाळा

सिम्स ४ या कॉम्प्युटर गेममध्ये सिम म्हणजे आपण चालवतो ती माणसं, आणि मॉड म्हणजे चाहत्यांनी बनवलेली, गेम बदलणारी जोड. गेमची मूळ प्रेग्नन्सी म्हणजे जेमतेम तीन दिवसांचं काम, एकेक ट्रायमेस्टर (गरोदरपणाचा टप्पा) साधारण एका सिम-दिवसाचा, आणि त्यात सिमने काय खाल्लं याला फारसा अर्थच नसतो, गाजर खाल्लं तर मुलगा आणि स्ट्रॉबेरी खाल्ली तर मुलगी व्हायची शक्यता वाढते, एवढंच. म्हणून खाण्यापिण्याचा परिणाम दाखवणारे मॉड मला मनापासून आवडतात, नुसतं पोट भरायचं न बघता काय शिजवायचं याचा विचार करावा लागतो. पण "मॉड चालतच नाही" असं म्हणणाऱ्या बऱ्याच जणांचा मॉड नीटच असतो, तो कधी टाकला आणि कोणत्या मॉडच्या जोडीला टाकला तिथे गडबड झालेली असते.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे सिम आधीच प्रेग्नंट असताना मॉड टाकणं. अशा मॉडमध्ये आत कुठेतरी एक लपलेली मोजणी चालू असते, आणि ती बऱ्याचदा प्रेग्नन्सी सुरू होते त्याच क्षणी सिमला जोडली जाते, मग दुसऱ्या ट्रायमेस्टरला मॉड टाकलात तर जोडायचा क्षण कधीच निघून गेलेला. माझं अगदी हेच झालं होतं, दोन दिवस सिमला चांगलंचुंगलं खायला घालत बसले आणि एक मूडलेट (सिमचा मूड दाखवणारी खूण) आला नाही, शेवटी नवीन सेव्हमध्ये (म्हणजे नव्याने सुरू केलेल्या खेळात) दुसऱ्या सिमवर करून बघितलं तर पहिल्याच जेवणाला आला. त्यामुळे आधी रिकाम्या टेस्ट सेव्हमध्ये, नुसता हाच एक मॉड ठेवून, प्रेग्नन्सी अगदी सुरुवातीपासून चालवून बघा. तिथे चालला म्हणजे मॉड बरोबर आहे.

आता दुसरे मॉड. गेमच्या एकाच ट्यूनिंग फाइलवर (गेमचे नियम आणि आकडे ठेवलेली फाइल) दोन मॉडनी आपापली बदललेली फाइल ठेवली तर गेम त्यातली एकच घेतो, दोन्ही मिसळत नाही. म्हणजे तुमच्याकडे प्रेग्नन्सीचे मूडलेट बदलणारा एखादा जुना मॉड असेल तर आहाराचा मॉड अर्धाच चालेल, किंवा पोट दिसेल पण मूडलेट गायब. मॉडच्या माहितीत "ओव्हरराइड" (म्हणजे मूळ फाइलच बदलणारा) असं लिहिलंय का ते डाउनलोड करायच्या आधीच वाचा, इंजेक्शनने, म्हणजे मूळ फाइल न बदलता, आपला भाग जोडणारे मॉड एकमेकांबरोबर बरेच सुखाने राहतात. आणि प्रेग्नन्सीची लांबी! एमसी कमांड सेंटर नावाच्या मॉडने ती वाढवता येते, पण तीन दिवसांची नऊ दिवस केलीत आणि आहाराचा मॉड दिवसाच्या हिशोबाने गुण कापत असेल तर तुमची सिम कितीही चांगलं खाऊ दे, शेवटी बिचारी अशक्तच दिसणार. आधी मूळ लांबीवर खेळून बघा, मग वाढवा.

इन्स्टॉल करतानाच्या चुका पटकन सांगते. झिप उघडून पॅकेज फाइल बाहेर काढायची, पण टीएस४स्क्रिप्ट फाइल (मॉडचा कोड असलेली) उघडायची नाही, ती तशीच्या तशी ठेवायची. स्क्रिप्ट फाइल मॉड्स फोल्डरच्या आत फार तर एका सबफोल्डरमध्ये चालते, त्याहून खोल ठेवली तर गेमला सापडतच नाही, पॅकेज मात्र सापडते, आणि मग "अर्धाच मॉड चालतो" अशी तक्रार येते. जुनं व्हर्जन काढल्याशिवाय नवीन टाकू नका. डॉक्युमेंट्स फोल्डर वनड्राइव्हवर गेलेला असेल तर गेम नेमका कुठला मॉड्स फोल्डर वाचतोय तेही बघा.

पॅच, म्हणजे गेमचं अपडेट, आला की गेम स्वतःच मॉड बंद करतो. गेम ऑप्शन्समध्ये अदर या टॅबवर कस्टम कंटेंटची आणि स्क्रिप्ट मॉडची, अशा दोन्ही टिक परत लावा आणि गेम बंद करून परत चालू करा, नुसती टिक लावून भागत नाही. मार्च २०२३ च्या अपडेटमध्ये इन्फंट (तान्ह्या बाळाचा नवीन वयोगट) आले तेव्हा बाळाशी संबंधित बरेच मॉड बिघडले होते, त्यामुळे त्याआधीचा आणि नंतर कधीच अपडेट न झालेला मॉड असेल, त्यात आईच्या आहाराचा बाळावर परिणाम दाखवत असतील, तर तो टाकूच नका.

सिमने सॅलड खाल्लं तरी काहीच झालं नाही? मॉड ओळखतो ते ठरावीक पदार्थ, दुसऱ्या मॉडमधून आलेली रेसिपी त्याच्या यादीत नसेल तर ती त्याच्या लेखी काहीच नाही. मुख्य म्हणजे सिम आपणहून फ्रिजमधून काहीबाही काढून खाते, आणि आपल्याला वाटतं आपण तर चांगलंच खायला दिलं होतं. निवडलेल्या सिमची ऑटोनॉमी, म्हणजे आपणहून वागणं, सेटिंगमधून बंद करता येते, निदान टेस्ट करताना तरी बंद ठेवा.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे. मॉडमधली यादी खऱ्या आयुष्यात वापरू नका. गेममध्ये परिणाम प्रेग्नन्सी कळल्यावर सुरू होतात, खऱ्या आयुष्यात बाळाची मज्जानलिका (जिच्यापासून मेंदू आणि मज्जारज्जू बनतात) गर्भ राहिल्यापासून पहिल्या चार आठवड्यांतच बंद होते, बऱ्याचदा कळायच्याही आधी, म्हणूनच रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड गर्भधारणेच्या आधीपासून घ्यायला सांगतात. त्यासाठी डॉक्टरांनाच विचारा.

मॉड काढायचा असेल तर बाळंतपण होऊन जाऊ द्या, मध्येच काढू नका, आणि काढण्याआधी सेव्ह फोल्डरची कॉपी दुसरीकडे ठेवा. लोकलथंबकॅश ही गेमची तात्पुरती साठवणीची फाइलही डिलीट करा, गेम ती नवीन बनवतो. एवढं करूनही अडलं तर अर्धे मॉड बाहेर काढून बघा, प्रॉब्लेम गेला तर दोषी बाहेर काढलेल्यांत आहे, नाही तर आत उरलेल्यांत, मग त्या गटाचे परत अर्धे. कंटाळवाणं आहे पण शंभर मॉड असले तरी सात-आठ वेळात सापडतो, आणि मॉड बनवणाऱ्याला कळवताना लास्टएक्सेप्शन फाइल (गेमने नोंदवलेली चूक), गेमचं व्हर्जन आणि सिम कितव्या ट्रायमेस्टरला होती हे तिन्ही एकदमच द्या.