चाच्यांचा वाढदिवस करताय? या चुका टाळा

गेल्या एप्रिलमध्ये मुलगा सहा वर्षांचा झाला. त्याला ‘पायरटवाला बड्डे’, म्हणजे समुद्री चाच्यांच्या थाटातला वाढदिवस, हवा होता. सोसायटीचा हॉल, सोळा मुलं आणि महिनाभर व्हिडिओ बघून तयारी करणारी मी. सजावट झकास झाली, पण बाकी बरंच फसलं.

सुरुवातच औक्षणापासून. चिरंजीव कापसाची दाढी, क्रेप पेपरची टोपी अशा थाटात पाटावर बसले. सासूबाईंनी तबक उचललं, निरांजन हनुवटीपर्यंत आलं आणि त्यांनीच हात मागे घेतला. “आधी ती दाढी काढा, मग ओवाळते.” कापूस आणि पेटती वात! माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. दाढी गमने चिकटवलेली, त्यामुळे ओढून काढताना रडारड झाली आणि वाढदिवसाचा पहिलाच फोटो रडका आला. तेव्हा औक्षण आधी, साध्या कपड्यांत उरका आणि वेष नंतर चढवा. दाढी-मिशा काजळाने रंगवा. केकवरच्या मेणबत्त्या विझवतानाही टोपी बाजूला ठेवा.

डोळ्यावरची काळी पट्टी फोटोत छान दिसते. पण एक डोळा झाकला की अंतराचा अंदाज चुकतो, आणि आपण त्याच पोरांना जिन्यावरून खजिना शोधायला पळवतो. आमच्याकडे दोघं पायरीवर आपटले. खेळ सुरू झाला की पट्टी कपाळावर सरकवायला सांगा. तलवारी तर आणूच नका. पुठ्ठ्याच्या नळीची दुर्बीण केलीत तरी पोरं तितकीच खूश होतात.

नकाशा जुना दिसावा म्हणून मी त्यावर उरलेला चहा ओतला. साखरेचा! सकाळी नकाशावर मुंग्यांची रांग, आणि जेल पेनाने काढलेलं बेट फुटून पसरलेलं. बिनदुधाचा, बिनसाखरेचा कोरा चहा घ्या, कागद त्यात भिजवून पूर्ण वाळवा आणि मगच बॉलपेनने काढा. कडा जाळत बसू नका, हाताने फाडल्या तरी तशाच दिसतात.

खुणेच्या चिठ्ठ्या मी हौसेने आदल्या रात्रीच लपवल्या होत्या. चौथी चिठ्ठी कुंडीमागे होती. सकाळी झाडणाऱ्या मावशींनी ती केरात टाकली. त्यांची काय चूक, चहाने डागाळलेला चुरगळलेला कागद कोण ठेवेल? पण एक चिठ्ठी गेली आणि पुढचा सगळा माग तुटला. विल्यम किड नावाच्या खऱ्याखुऱ्या कप्तानाने 1699 मध्ये न्यूयॉर्कजवळच्या गार्डिनर्स बेटावर खजिना पुरला होता, तोही सरकारी माणसांनी उकरून नेला. तेव्हा चिठ्ठ्या अर्धा तास आधीच लपवा आणि प्रत्येकीची एक प्रत आपल्या खिशात ठेवा. पाच-सहा वर्षांच्या मुलांसाठी वाक्यं लिहू नका, चित्रं काढा: झोपाळा, पंप, वॉचमनकाकांची खुर्ची. नाहीतर ज्याला वाचता येतं तो एकटाच पुढे धावतो आणि बाकीचे पंधरा जण त्याच्या मागे.

खजिन्याची एकच पेटी ठेवलीत तर झुंबड उडणार हे नक्की. पेटीत प्रत्येकाच्या नावाचा बटवा ठेवा. सोनेरी कागदातली चॉकलेटची नाणी एप्रिल-मेमध्ये टाळाच, आमच्या नाण्यांचं पेटीतच सरबत झालं होतं. निळ्या जेलीच्या समुद्राचंही तेच. जिलेटिनची जेली उकाड्यात पाणी सोडते, शिवाय ते प्राण्यांपासून बनतं, त्यामुळे शाकाहारी घरांतल्या मुलांना चालत नाही. त्याऐवजी समुद्री शेवाळापासून बनणारं चायनाग्रास वापरा. ते फ्रीजबाहेरही घट्ट राहतं.

फुटलेल्या फुग्यांचे तुकडे लगेच उचला. लहान भावंडं ते तोंडात घालतात आणि घशात अडकतात. पाचचं बोलावणं म्हणजे पावणेसहा, हेही धरून चाला. तोवर आलेल्यांना वर्तमानपत्राच्या टोप्या करायला बसवा.

शेवटची चूक सासऱ्यांनी पकडली. मी मुलांना सांगत होते, “आपल्याकडेपण पायरट होते, कान्होजी आंग्रे!” ते ताडकन म्हणाले, “अगं, चाचा म्हणणारे इंग्रज. कान्होजी मराठा आरमाराचे सरखेल, म्हणजे प्रमुख. 1721 मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून अलिबागच्या कुलाब्यावर चालून आले, तरी किल्ला पडला नाही.” मी निमूटपणे भिंतीवरचा कवटीच्या झेंड्याशेजारचा भगवा काढला. मग त्यांनीच दोन गट पाडले, एक चाच्यांचा आणि एक आंग्रेंच्या गुराबेवरचा, म्हणजे लढाऊ जहाजावरचा, आणि एका गटाला लाल, दुसऱ्याला पिवळी रिबीन. एकाच्या पुढे-मागे पळणारा जथा त्यामुळे आपोआप मोडला. अडचण एवढीच झाली की मग चाचे व्हायला कोणी तयारच होईना, खुद्द बर्थडे बॉयसुद्धा. शेवटी चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या. त्या घरूनच करून न्या.