पायथॉन गप्प बसतं तेव्हा: आकडेमोडीतल्या या चुका टाळा

पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा नव्याने शिकणाऱ्याला लाल अक्षरांतल्या एररची धास्ती असते. खरं तर एरर आला की निम्मं काम झालंच: सगळ्यात खालची ओळ आधी वाचा, मग तिच्या वर दिलेला ओळ क्रमांक बघा. छळतात त्या एरर न देणाऱ्या चुका. प्रोग्राम सुरळीत चालतो, आकडा छापतो, आणि तो साफ चुकलेला असतो.

साधी उदाहरणं आधी. २ चा घन काढायला २^३ लिहिलंत तर उत्तर ८ नाही, १ येतं. पायथॉनमध्ये ^ हे बिटांच्या तुलनेचं चिन्ह आहे. घातासाठी २**३ लिहायचं. साइन ९० विचारलंत तर १ ऐवजी ०.८९४ मिळतं, कारण कोन अंशांत नाही, रेडियनमध्ये द्यावा लागतो.

माझा एक अख्खा रविवार गेला तो नमपायच्या (पायथॉनमधलं आकडेमोडीचं पॅकेज) ॲरेपायी, म्हणजे आकड्यांच्या रांगेपायी. तापमानाच्या नोंदी २०, २१, २३ अशा पूर्णांकात भरल्या होत्या. लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करणारा कोड) लावून प्रत्येकीत ०.४ ची दुरुस्ती मिळवली, तरी आलेख जागचा हलेना. मी आपला सूत्र तपासत बसलो! ॲरे पूर्णांकांचा असेल तर त्यात ठेवलेल्या २०.४ चा दशांश कापला जातो आणि २० च उरतात. गंमत म्हणजे सगळ्या ॲरेत एकदम += (मिळवून तिथेच साठवणारं चिन्ह) ने ०.४ मिळवायला जा, नमपाय चक्क एरर देतं. एकेक घटक भरताना मात्र हूं की चूं नाही. म्हणून सुरुवातीलाच २०.० लिहा किंवा डीटाइप (आकड्यांचा प्रकार) फ्लोट, म्हणजे दशांश, ठेवा.

असाच फटका स्लाइसचा, म्हणजे काढलेल्या तुकड्याचा. पायथॉनच्या साध्या लिस्टचा (यादीचा) तुकडा काढला की नवी लिस्ट मिळते. नमपायचा तुकडा म्हणजे त्याच डेटाकडे बघायची खिडकी. पहिल्या पाच नोंदी वेगळ्या काढून त्यांत फेरफार केलात, तर मूळ नोंदीही बदलल्या म्हणून समजा. मूळ डेटा शाबूत हवा तर कॉपी मागून घ्या.

पायथॉनमध्ये ०.१ + ०.२ म्हणजे ०.३०००००००००००००००४. बहुतेक दशांश संख्या संगणकात अगदी अचूक साठत नाहीत, म्हणून हा फरक. तेव्हा दशांश संख्यांची तुलना == (तंतोतंत सारखे का?) ने करू नका, पुरेसे जवळ आहेत का ते बघणारं आइजक्लोज वापरा. याच कारणाने ए-रेंजला (ठरावीक पायरीने आकडे देणारं, शेवटचा आकडा वगळणारं नमपायचं फंक्शन) १ ते १.३ मध्ये ०.१ ची पायरी दिली, की वगळला जायला हवा तो १.३ सुद्धा यादीत येऊन बसतो. ठरावीक संख्येने बिंदू हवे असतील तर किती बिंदू ते सांगायचं लिनस्पेस बरं.

नोंदींत एक जरी नॅन (आकडा नसलेली, रिकामी नोंद) असला तरी नमपायची साधी सरासरी नॅन येते. तिथे नॅन सोडून सरासरी काढणारं नॅनमीन वापरा.

प्रमाण विचलनाचं (आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप) प्रकरण जरा नाजूक आहे. २, ४, ६ या आकड्यांसाठी नमपाय १.६३३ सांगतं आणि पांडास (तक्त्यांतला डेटा हाताळणारं पॅकेज) २. चूक दोघांचीही नाही: नमपाय एकूण संख्येने भागतं, पांडास एक कमी करून. नमुन्यावरून अंदाज बांधत असाल तर नमपायला डीडॉफ (भाजकातून किती वजा करायचं तो आकडा) १ द्या. अहवालात कोणतं वापरलं तेही लिहा, नाहीतर दुसऱ्याचं उत्तर तुमच्याशी जुळायचं नाही.

आणि ज्युपिटर (कोड तुकड्यातुकड्याने चालवायची वही) वापरत असाल, तर पुसून टाकलेल्या सेलमधलं (कोडच्या तुकड्यातलं) व्हेरिएबल मेमरीत तसंच पडून असतं. उत्तर कुणाला पाठवण्याआधी कर्नल (मागे कोड चालवणारा प्रोग्राम) रिस्टार्ट करून सगळे सेल वरून खाली एकदा चालवून बघा.