वासोटा, कोयना, चांदोलीला निघालाय? सोलापूरकरांनो, या चुका तरी टाळा

दिवाळी झाली की माझा फोन सुरू होतो. "दादा, शनिवारी पहाटे पाचला निघतो, वासोटा करतो आणि रात्री घरी, जमतंय की?" नाही जमत. गेली बारा वर्षं दर हिवाळ्यात आमच्या सोलापूरची माणसं घेऊन मी सह्याद्रीत जातोय आणि दर वर्षी तेच प्रश्न, त्याच चुका, त्याच रात्री, वासोट्याची बोट सुटते त्या बामणोलीच्या काठावर थंडीनं कुडकुडत बसलेले ग्रुप. म्हणून यावेळी एकदाचं लिहून काढतोय, यादी वगैरे नाही, जे डोक्यात येईल तसं.

आधी हे वेळेचंच घ्या. सोलापूर ते सातारा पंढरपूर-म्हसवड-दहिवडीवरून गेलं तरी पाच तास धरा, मध्ये चहा-नाष्टा आला की सहा. पुढं कासचं पठार ओलांडून बामणोलीचा घाटरस्ता, मग वन खात्याची परवानगी, मग कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयातून बोटीनं तास-दीड तास, तेव्हा कुठं गडाच्या पायथ्याच्या मेट इंदवलीला पाय लागतो. तिथून गडाची चढाई दोन-अडीच तास, आणि सवय नसेल तर तीन. आता पाचला निघालेला माणूस कधी चढणार आणि कधी उतरणार? जंगलात मुक्काम करता येत नाही, संध्याकाळच्या आत बोटीत बसावंच लागतं. मग लोक काय करतात, धावत चढतात, वर जाऊन दहा मिनिटं फोटो काढतात, धावत उतरतात आणि घरी येऊन सांगतात वासोटा काही खास नाही. मी शुक्रवारी दुपारी निघतो. रात्री बामणोलीत मुक्काम, सकाळी पहिल्या बोटींपैकी एक. एक दिवसाची रजा टाकायची तयारी नसेल तर पुढच्या वर्षी जा, गड कुठं पळून चालला नाही.

दुसरा गोंधळ नावाचा. "आम्ही वासोटा नॅशनल पार्क बघितलं" म्हणतात. वासोटा कोयना अभयारण्यात येतो. राष्ट्रीय उद्यान आहे ते चांदोली, दक्षिणेला वारणेच्या खोऱ्यात, २००४ साली जाहीर झालेलं, ३१७ चौरस किलोमीटरचं. उत्तरेला कोयना, दक्षिणेला चांदोली आणि दोन्ही मिळून २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. हे माहीत असणं परीक्षेसाठी नको, परवानगीसाठी पाहिजे. वासोट्याला बामणोलीकडून जायचं, चांदोलीला शिराळ्यावरून मणदूरकडे, आणि दोन्हीकडं परवानगी वेगळी. एकदा एक कुटुंब शिराळ्यापर्यंत जाऊन मला फोन करत होतं की वासोट्याची बोट कुठून सुटते. पोरं मागच्या सीटवर झोपली होती म्हणे. अख्खी सुट्टी गाडीत गेली त्यांची.

आणि पावसाळ्यात वासोटा बंद असतो. कासची फुलं साधारण ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर, वासोटा त्यानंतर. एकाच ट्रिपमध्ये दोन्ही भरगच्च बघायचा हट्ट सोडा.

कासवर फुलांत बसून फोटो काढू नका. तो जांभ्या खडकाचा सडा आहे, वर मातीचा जेमतेम थर, त्या थरात गेंद, सोनकी, तेरडा, सीतेची आसवं सगळं उगवतं. दवबिंदू नावाची इवलीशी वनस्पती तर किडे खाऊन जगते, कारण त्या मातीत खायला काही नाहीच. एक बूट पडला की पुढच्या वर्षीचं बीसुद्धा दबतं. विषय संपला.

आता माझ्या डोक्यात जाणारी चूक. ब्लूटूथ स्पीकर.

मला गाण्यांचा राग नाही. गाडीत वाजवा, सातारा येईपर्यंत वाजवा, मीही म्हणतो बरोबर. पण बोटीतून उतरून रानात शिरल्यावर पाठीवरच्या सॅकमधून धडाम धडाम चालू असतं, ते मला खरंच सहन होत नाही. चार-पाच वर्षांपूर्वी जानेवारीत आम्ही अकरा जण होतो. त्यातला एक पोरगा, वय बावीस-तेवीस, चांगला पोरगा हो, सगळ्यांचं ओझं उचलायचा, पण स्पीकर काही बंद करेना. तीनदा सांगितलं. "दादा, काय होतंय ओ एवढ्यानं, जंगल केवढं मोठं आहे." गावातला वाटाड्या पुढं चालला होता, त्यानं एकदम हात वर केला आणि थांबला. पुढचे आम्ही सहा जण थांबलो. मला नंतर कळलं की त्यानं भेकराचं भुंकणं ऐकलं होतं. भेकर म्हणजे छोटं हरीण, पण धोका दिसला की कुत्र्यासारखं भुंकतं, आणि रानात फिरणारा माणूस त्या आवाजावरच सावध होतो. मागच्या पाच जणांना ना भेकर ऐकू आलं ना वाटाड्याची हाक, ते गाण्याच्या तालात पुढं आले आणि डावीकडच्या कारवीच्या झुडपांतून गवा उठला.

गवा ज्यांनी जवळून बघितला नाही त्यांना सांगून कळणार नाही. आपल्याकडच्या खिल्लारापेक्षा कितीतरी भारी जनावर, काळंभोर, पाय मात्र गुडघ्यापर्यंत पांढरे. तो आमच्या अंगावर आला नाही, त्याला पळायचंच होतं, पण आमच्या दोन टोळक्यांच्या मधूनच गेला. कारवीच्या काड्या कडाकड मोडल्या. आमच्यातल्या एक ताई दचकून मागं सरकल्या आणि दगडावरून पाय मुरगळून पडल्या. मग गड राहिला बाजूला. सोलापुरी चादरीची झोळी करून, दोन काठ्यांना बांधून त्यांना आळीपाळीनं खाली आणलं, दीड तास लागला, आणि त्या पोरानं सगळ्यात जास्त वेळ खांदा दिला, एक शब्द बोलला नाही. बोटीत बसल्यावर त्यानं स्पीकर सॅकच्या तळाशी कोंबला आणि रडला. त्या दिवसापासून माझा नियम एकच आहे, स्पीकर बामणोलीत गाडीत ठेवायचा, नाहीतर माझ्याबरोबर यायचं नाही. यावर मी वाद घालत नाही.

लोकांना वाटतं रानात शांतता असते म्हणून काहीतरी वाजवायला पाहिजे. अहो, कान द्या जरा. धनेश डोक्यावरून गेला तर त्याच्या पंखांचा आवाज लांबून गाडी यावी तसा घुंघुं करत येतो, आधी आवाज, मग पक्षी. शेकरू ओरडलं तर वाटतं कुणीतरी टाळ्या पिटतंय. आणि शीळकरी कस्तुर, तो ओढ्याच्या काठी अगदी माणसासारखी शीळ घालतो, सुरात सुरू करतो आणि मधेच भरकटतो, जणू एखादं पोरगं शाळेला जाताना गुणगुणतंय. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी मागं वळून बघितलं होतं की आमच्यातला कोण शीळ घालतोय. आपल्या सोलापूरला माळरानं आहेत, नान्नजचं माळढोक अभयारण्य आहे, तो आवाज वेगळा, वाऱ्याचा आणि चंडोलाचा. ओल्या रानाचा आवाज ऐकायला पाचशे किलोमीटर जाऊन-येऊन करताय आणि स्पीकरवर तेच ऐकणार जे सात रस्त्याला रिक्षात वाजतं?

वाघ दिसेल म्हणून चांदोलीला जाऊ नका. ते ताडोबा नाही, दाट सदाहरित रान आहे, पंधरा फुटांवरचं दिसत नाही. ठसे, विष्ठा, गव्यांचा कळप एवढं मिळालं तरी भरपूर.

अत्तर, परफ्युम, सिगारेट नको. कड्यांना आग्या मोहोळं असतात, वासानं-धुरानं उठतात. एवढंच.

जीन्स घालून येऊ नका. पाणी माणशी तीन लिटर घ्या, हिवाळा आहे म्हणून कमी नाही. दिवसा चढाईला घाम आणि रात्री बामणोलीत पाण्यावरून येणारा गार वारा, त्यामुळं एक चादर सॅकमध्ये असूच द्या, कशाला उपयोगी पडते ते वर सांगितलंच. खायला कडक भाकरी आणि शेंगा चटणी. मी दुसरं काही नेतच नाही. भाकरी चार दिवस टिकते, मोडली तरी चालते, सांडत नाही, आणि कागदात गुंडाळली की प्लास्टिकचा प्रश्नच नाही. लोक वेफर्सची वीस पाकिटं आणतात आणि मग वन खात्याच्या चौकीवर प्लास्टिक मोजताना वैतागतात. मोजणारच ते, परत येताना तेवढंच दिसलं पाहिजे म्हणून.

आता दुसरी मोठी गोष्ट, हिला चूक म्हणू की काय म्हणू कळत नाही. माणसं गडावर जातात आणि गड कुणाचा, कशाचा हे काहीच न कळता खाली येतात. बाबूकड्यावर उभं राहून सेल्फी काढतात, समोर डोंगर दिसतो तो कुठला हे कुणी विचारत नाही, तो जुना वासोटा. १८१८ साली इंग्रजांनी त्याच जुन्या वासोट्यावर तोफा चढवून इकडचा गड घेतला. (तिकडची वाट मोडलेली आहे, जायचा प्रयत्न करू नका.) वर बिनछपराचा मारुती आहे, महादेवाचं देऊळ आहे, पाण्याची टाकी आहेत, त्यांच्याजवळ पाच मिनिटं बसत नाहीत. आणि ताई तेलिणीचं नाव तर दहातल्या नऊ जणांनी ऐकलेलं नसतं. औंधच्या पंतप्रतिनिधींच्या बाजूनं ती या गडावर पाय रोवून उभी राहिली आणि पेशव्यांचा सरदार बापू गोखले याला तिनं कित्येक महिने झुंजवलं. धान्याच्या कोठाराला आग लागली तेव्हा कुठं गड गेला. लोकांनी तेव्हाच बांधून ठेवलंय, "श्रीमंत पंतप्रतिनिधींचा अजिंक्य वासोटा, तेलीण मारी सोटा, बापू गोखल्या सांभाळ कासोटा." हे मी प्रत्येक ग्रुपला वर गेल्यावर मोठ्यानं म्हणायला लावतो. दोनशे वर्षं तोंडातोंडी टिकलेल्या ओळी आहेत, त्या जिथल्या तिथं म्हणायची मजाच वेगळी, अंगावर काटा येतो.

पण मला खरं शहाणपण आलं ते तीन वर्षांपूर्वी. कोयना धरणात गावं गेली तेव्हा तिथली काही माणसं आपल्या सोलापूर जिल्ह्यातही आणून वसवली, हे कितीजणांना माहीत आहे? मलाही नीट माहीत नव्हतं. अशाच एका वसाहतीतले काका, सत्तरी ओलांडलेले, ओळखीतून आमच्याबरोबर आले. गड चढणार नव्हते, फक्त बोटीत बसायचं म्हणाले. बोट मध्यावर गेली आणि ते उठून उभे राहिले, मी धरलं त्यांना. पाण्याकडं बोट दाखवून म्हणाले, "हितं आमचं द्येऊळ व्हतं. त्याच्या म्होरं तालीम. आन् त्या डोंगराच्या अंगाला आमचं घर." आम्हाला दिसत होतं ते नुसतं निळं पाणी, ज्याचे आम्ही सकाळपासून फोटो काढत होतो.

मग ते बसले आणि हळूच भजन म्हणायला लागले. देवळात सप्ताहाला म्हणायचे ते, वडिलांच्या मांडीवर बसून ऐकलेलं. आवाज थरथरत होता, मधल्या दोन ओळी विसरले, परत पहिल्यापासून सुरू केलं. बोटवाल्यानं न सांगता इंजिन बंद केलं. त्याचंही गाव पाण्याखालीच गेलेलं. तेवढ्यात मागून दुसरी बोट आली, तिच्यात गाणी दणदणत होती आणि पोरं नाचत होती, काकांचा आवाज त्यात बुडून गेला. त्या बोटीतल्या पोरांवर मला राग आला नाही, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की ते कशावर नाचतायत. म्हणून आता मी निघायच्या आधीच सांगतो. शिवसागर म्हणजे पिकनिकचा तलाव नाही, त्याच्या तळाशी गावं आहेत.

हेच तिकडच्या धनगरवाड्यांबद्दल. संध्याकाळी ढोल ऐकू आला की आपली माणसं मोबाईल घेऊन पळतात आणि "अजून एकदा वाजवा, व्हिडिओ नीट आला नाही" म्हणतात. अरे, तो कार्यक्रम नाही, देवाचं असतं. आपल्या सांगोल्याकडं गजी नाचताना कुणी मधे येऊन असं म्हटलं तर आवडेल का? बाजूला बसा, बूट काढा, संपलं की पाणी मागा, चार गोष्टी विचारा. गज्यांचा ढोल आमच्याकडं असा वाजतो म्हणून तुम्हीही सांगा. मी एकदा सांगितलं तर एका म्हाताऱ्या धनगर बाबांनी ढोल माझ्यापुढं सरकवला आणि वाजवायला लावला, आणि रात्री नऊपर्यंत आम्ही ताल जुळवत बसलो होतो. ते रेकॉर्डिंग माझ्याकडं नाही, केलंच नाही.

गाईड घेतला तर त्याचे पैसे घासू नका. तो भेकर ऐकतो, तुम्ही ऐकत नाही.

या जानेवारीत पुन्हा जातोय, शुक्रवारी दुपारी दोनला निघणार. काका येणार म्हणालेत, यावेळी त्यांची थोरली बहीणही येणार आहे, तिला गावच्या जात्यावरच्या ओव्या अजून पाठ आहेत. बोटीत दोन जागा शिल्लक आहेत. ज्यांना वेळ काढून यायचंय आणि गप्प बसून ऐकायचंय त्यांनीच विचारा.