पितांबरी समईला, ट्रम्पेटला साबणाचं पाणी

बँडमध्ये नवीन आलेला पोट्टा पहिल्या आठवड्यात दोनच गोष्टी विचारतो. वरचा सूर कसा काढायचा, आणि पितळ चमकवायचं कशानं. ट्रम्पेट आतून कसं धुवायचं हे विचारणारा क्वचित भेटतो. त्याचाही दोष नाही. वरातीत लोकांना दिसतो तो चकाकता भोंगा, झालरीचा कोट आणि फेटा. बँड पार्टीचा मालकही निघण्याआधी तेवढंच बघतो. मी नागपुरात लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतो आणि नव्या मुलांना तयार करायचं कामही बरेचदा माझ्याकडेच येतं. त्यांना तोंडी सांगतो तेच इथे लिहितोय. बाहेरून काळवंडलेलं ट्रम्पेट वर्षानुवर्षं वाजतं. आत घाण साचलेलं मात्र ऐन लग्नसराईत दगा देतं.

आधी आत काय जातं ते बघा. नेहमीच्या बी-फ्लॅट ट्रम्पेटची नळी सरळ केली तर जवळजवळ दीड मीटर भरेल. फुंकलेली गरम, ओलसर हवा गार पितळेला लागली की तिचं पाणी होतं. वॉटर कीतून, म्हणजे पाणी काढायच्या छोट्या झडपेतून, जे थेंब गळतात त्याला सगळे थुंकी म्हणतात, पण त्यात बरंचसं हे वाफेचंच पाणी असतं. त्याच्यासोबत तोंडातलं जे असेल ते आत उतरतं, आणि नागपुरात तोंडात काय असतं हे वेगळं सांगायला नको. मला शिकवणारे मास्तर कामठीच्या फौजी बँडमधून निवृत्त झालेले होते. कोणाच्या गालात खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, दिसला की ते पेटीच उघडू द्यायचे नाहीत. "खर्रा खाऊन फुकून राहिला का बे? बाजा आहे तो, पिकदाणी नाही!"

सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना यांचा थर माउथपीसच्या, म्हणजे ओठ लावायच्या तुकड्याच्या, पुढच्या सरळ नळीत, म्हणजे लीडपाइपमध्ये, बसतो. पहिल्या वीतभरात सगळ्यात जास्त. ब्रश फिरवला की काळपट हिरवा लगदा निघतो आणि त्याचा वास एकदा घेतला की माणूस सुधारतो. खर्रा न खाणाऱ्यांनीही खूश होऊ नये. सकाळच्या मिरवणुकीआधीचे तर्री-पोहे, मधल्या वेळेतला साखरेचा चहा, हिवाळ्यात येताजाता सोललेलं संत्रं, हे सगळं तिथेच जातं. साखर चिकटते आणि आंबट रस पितळेला खातो. म्हणून वाजवण्याआधी दोन चुळा भरायच्या. पाण्याची बाटली पेटीसोबत असलीच पाहिजे.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. लीडपाइप आतून सतत ओली आणि घाण राहिली की त्यातलं जस्त हळूहळू निघून जातं आणि मागे उरतं ते पोकळ, ठिसूळ तांबं. बाहेरून गुलाबी ठिपके दिसतात, कधी त्यांच्या मधोमध काळा टिंब. याला रेड रॉट म्हणतात. तो पॉलिशनं जात नाही, नळीच बदलावी लागते. वाद्य सोडा, छातीचंही बघा. अमेरिकेतल्या 'चेस्ट' या वैद्यकीय नियतकालिकात 2010 साली एका ट्रॉम्बोनवादकाची केस छापून आली होती. वर्षानुवर्षं खोकला जाईना, आणि कारण निघालं त्याच्या न धुतलेल्या ट्रॉम्बोनमध्ये वाढलेले जंतू आणि बुरशी. वाद्य नीट साफ करायला लागल्यावर खोकला गेला. फुंकताना आपण श्वासही त्याच तोंडानं घेतो, हे आपल्या लक्षात राहत नाही.

रोजचं काम दोन मिनिटांचं आहे. वाजवून झालं की वॉटर की उघडी धरून, तिन्ही पिस्टन, म्हणजे बोटांनी दाबायच्या दांड्या, दाबून, सूर न काढता जोरात फुंकायचं. मग तिसरी स्लाइड, म्हणजे तिसऱ्या पिस्टनची बाहेर सरकणारी नळी, काढून तिच्यातलं पाणी झटकायचं, कारण तिथलं पाणी वॉटर कीतून नेहमी येतंच असं नाही. माउथपीस काढून वेगळा ठेवायचा. बाहेरून जुन्या मऊ सुती कापडानं घाम पुसायचा, विशेषतः डावा हात जिथे असतो तिथला. काही जणांचा घाम पितळेला अजिबात सोसत नाही. त्यांनी तिथे चामड्याचा गार्ड लावावा. रात्री दीडला वरात सुटल्यावर हे करायचा कंटाळा येतो, मान्य आहे. निदान पाणी तरी काढा आणि पेटी घरी आल्यावर थोडा वेळ उघडी ठेवा.

आता तेल. यावर आपल्याकडे जितके वादक तितकी मतं. कोणी खोबरेल तेल घालतो, कोणी शिलाई मशीनचं, कोणी रॉकेल. खोबरेल साधारण 24 अंशांखाली गोठायला लागतं आणि डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रात्रीचा पारा दहाच्या आसपास उतरतो. बारात दारात आणि दुसरा पिस्टन खालीच अडकलेला, हे दृश्य मी दर हिवाळ्यात कुठे ना कुठे बघतो. मशीनचं तेल अडीनडीला चालतं, पण ते जाड असतं, पिस्टन सुस्त होतो. रॉकेल उडून जातं आणि त्याची वाफ आपण छातीत ओढतो, ती वेगळीच. ट्रम्पेटचं व्हॉल्व्ह ऑइल, म्हणजे पिस्टनचं खास तेल, वाद्यांच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळतं. एक बाटली बराच काळ पुरते, तिथे कंजुषी करू नका. कंपनी किंवा प्रकार बदलायचा असेल तर जुनं तेल पूर्ण पुसून मगच नवं घाला. काही तेलं एकत्र आली की चिकट होतात.

तेल घालायला पिस्टन पूर्ण बाहेर काढायची गरज नाही. वरची टोपी फिरवून सोडवायची, पिस्टन अर्धा वर ओढायचा, रुंद भागावर तीन-चार थेंब टाकायचे आणि सरळ खाली सोडायचा. मग हलकेच फिरवायचा, 'टिक्' असा अगदी बारीक आवाज येतो आणि तो खाचेत बसतो. आवाज ऐकू येईपर्यंत टोपी लावू नका. आणि पिस्टन काढला की खाली ठेवताना फार जपायचं. पिस्टन आणि त्याच्या नळकांड्यामधली फट केसापेक्षाही बारीक असते. फरशीवर एकदा आपटला की तो पूर्वीसारखा चालत नाही.

दर महिन्या-दोन महिन्यांनी ट्रम्पेटची आंघोळ. मोठी सुट्टी म्हणजे चातुर्मास. आषाढापासून तुळशीच्या लग्नापर्यंत वराती जवळजवळ बंद असतात. पोळा, मारबत, गणपती, नवरात्र सोडलं तर हात मोकळे. सखोल सफाई तेव्हा करावी. प्लॅस्टिकचा मोठा टब घ्या, तळाशी जाड टॉवेल पसरा म्हणजे ओरखडे पडणार नाहीत. पाणी कोमट. हाताला नुसतं सुखद वाटेल इतकंच, कारण गरम पाण्यानं लॅकर, म्हणजे वरचा पारदर्शक थर, फुगून सुटतो. मे महिन्यात नागपूरकरांनी इथे सावध राहावं. दुपारी गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी गिझरला लाजवेल इतकं तापलेलं असतं. उन्हाळ्यात हे काम सकाळीच उरकायचं. पाण्यात भांडी घासायच्या सौम्य लिक्विडचे काही थेंब, बस. लिंबाचा अर्क किंवा व्हिनेगर असलेलं लिक्विड नको.

सगळ्या स्लाइड काढा. तिन्ही पिस्टन काढून टॉवेलवर ओळीनं ठेवा, 1, 2, 3. पिस्टनवर आकडे कोरलेले असतात, तरी ओळीतच ठेवा. खालच्या टोप्या सोडवा. आता ट्रम्पेटचं धड आणि स्लाइड पाण्यात बुडवून ठेवा, पंधरा-वीस मिनिटं. पिस्टन मात्र बुडवायचे नाहीत. त्यांच्या वरच्या बाजूला नमद्याची आणि बुचाची चकती असते, ती ओली झाली की फुगते आणि पिस्टनची उंची बदलते. मग छिद्रं नळ्यांशी जुळत नाहीत आणि सूर घोगरा येतो. पिस्टनचा खालचा भाग हातात धरून नळाखाली मऊ ब्रशनं धुवा, छिद्रांतूनही ब्रश फिरवा.

नळ्यांसाठी लवचीक लांब ब्रश लागतो, त्याला स्नेक ब्रश म्हणतात. प्लॅस्टिकचं आवरण असलेलाच घ्या, उघडी तार आतून ओरखडते. लीडपाइपमध्ये दोन्ही बाजूंनी फिरवा. वळणावर अडला तर ढकलू नका, बाहेर काढा आणि दुसऱ्या टोकानं घाला. पहिल्यांदा धुताना पाण्याचा रंग बघून घरचे टब परत मागतात, त्यामुळे टब वेगळाच ठेवलेला बरा. माउथपीसला त्याचा निमुळता छोटा ब्रश. तो आठवड्याला एकदा फिरवला तर उत्तम.

नंतर स्वच्छ पाण्यानं खळखळून धुवा. बोअरचं पाणी असेल तर शेवटचं पाणी फिल्टरचं वापरा आणि लगेच पुसा, नाहीतर पांढरे डाग पडतात आणि आतही क्षार जमतात. उन्हात वाळत घालू नका. सावलीत, टॉवेलवर, पाणी निथळेल असं तिरपं ठेवा. व्हॉल्व्हची, म्हणजे पिस्टन ज्यात बसतात ती, नळकांडी आतून पुसायला लाकडी काडीला धागे न सुटणारं कापड पूर्ण गुंडाळून घ्या, काडीचं टोक उघडं राहता कामा नये.

परत जोडताना सूर जुळवायची मुख्य ट्यूनिंग स्लाइड आणि दुसऱ्या व्हॉल्व्हची छोटी स्लाइड यांना स्लाइड ग्रीस लावा. पहिली आणि तिसरी वाजवताना बोटानं हलवायची असते, तिला पातळ वंगण. तिसरी ओढताना तिसरा पिस्टन दाबूनच ओढायची. न दाबता ओढली की 'फट्' आवाज होतो, तो ऐकायला पोट्ट्यांना फार आवडतो, पण सतत तसं केल्यानं पिस्टन-स्लाइडचा घट्टपणा जातो. मुख्य स्लाइड सहज सरकणं आपल्याकडे फार महत्त्वाचं. मे महिन्याच्या उन्हात ट्रम्पेटचा सूर चढतो, जानेवारीच्या रात्री उतरतो, आणि क्लॅरिनेटवाल्याशी जुळवून घेताना ती अडकून बसली तर सगळी रात्र बेसूर. जोडून झाल्यावर फुंकून बघा. हवा अजिबात जात नसेल तर घाबरू नका, दोन पिस्टनांची अदलाबदल झाली आहे किंवा एखादा खाचेत बसलेला नाही.

आता चमकवण्याचं, कारण त्याशिवाय मालक सोडणार नाही. आधी ठरवा की वर काय आहे. लॅकर असेल तर ओलं कापड आणि नंतर कोरडं कापड, एवढंच. चांदीचा मुलामा असेल तर चांदी पुसायचं कापड, तेही हलक्या हातानं, कारण मुलामा दर वेळी थोडा जातो. उघडं पितळ असेल तरच ब्रासो, तेही फक्त बाहेरून आणि व्हॉल्व्हपासून लांब. पितांबरी, चिंच, लिंबू-राख ही समई आणि तांब्या-भांड्यांसाठी उत्तम, आमच्या घरीही देव त्यानंच उजळतात. ट्रम्पेटवर पितांबरीचे खरखरीत कण लॅकरवर ओरखडे पाडतात, आणि एक कण जरी व्हॉल्व्हमध्ये उतरला तर पिस्टनवर उभी रेघ ओढतो. पिस्टन अडकतोय म्हणून पॉलिश पेपर मारणारेही बघितलेत. त्यानंतर त्या व्हॉल्व्हमधून हवा गळते आणि कुठलंही तेल ती थांबवत नाही.

माउथपीस अडकला की पक्कड, पाना, दरवाजाच्या फटीत धरून पिळणं, हे सगळे देशी उपाय लीडपाइप पिरगाळतात. त्यासाठी पुलर नावाचं छोटं यंत्र असतं, पार्टीत मिळून एक घ्या. मुळात माउथपीस बसवताना तळहातानं ठोकायचा नाही, थोडासा फिरवून सोडायचा. स्लाइड अडकली असेल तर सांध्यावर पातळ तेल सोडून रात्रभर राहू द्या. सकाळी हातानं निघाली तर ठीक, नाहीतर कारागिराकडे न्या. चेपलेला भोंगा घरी सरळ करायच्या फंदात पडू नका. मोठं काम असेल तर पार्ट्या मेरठला पाठवतात. तिथला जली कोठी भाग बँडच्या वाद्यांसाठीच ओळखला जातो. कारागिराला "नीट करा" एवढंच म्हणू नका, कोणता पिस्टन, कोणता सूर, कधी अडकतो ते चिठ्ठीवर लिहून पेटीत ठेवा.

शेवटी, जुनं ट्रम्पेट विकत घेणाऱ्यांसाठी, कारण नवीन मुलं तेच घेतात. चकाकी बघूच नका. माउथपीस काढा आणि लीडपाइपमध्ये मोबाइलचा टॉर्च मारा. पिस्टन एकेक दाबा, तो करकर न करता वर आला पाहिजे. दुसऱ्या व्हॉल्व्हची स्लाइड पिस्टन न दाबता एकदाच ओढा. इथे 'फट्' आवाज यायलाच हवा, नाही आला तर हवा गळतेय. लीडपाइपच्या बाहेरून गुलाबी ठिपके शोधा, विशेषतः खालच्या बाजूला. विकणारा "उद्या या, धुवून चमकवून ठेवतो" म्हणाला तर जरूर जा, पण ती नळी उलटी करून पुन्हा बघा. ते ठिपके धुतल्यानं जात नाहीत.