तरुण आमदार तपासून कसा घ्यावा

मालवणच्या बाजारात सुरमईचा भाव आपण चार ठिकाणी विचारतो. आमदाराच्या बाबतीत मात्र "तरुण आसा, करतलो कायतरी" एवढ्यावर भागवतो. भाच्याला म्हटलं, वयाचं कौतुक पुरे. २५ पूर्ण झालेल्या मतदाराला उभं राहता येतं, त्यात काय मोठंसं!

आधी नमुना २६ चं शपथपत्र काढ, म्हणजे उमेदवाराने अर्जासोबत स्वतःची माहिती लिहून दिलेलं. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. शिक्षण, खटले, जमीन, कर्ज, सगळं त्यात. मी थेट कर्जाच्या रकान्यावर जातो. बँकेत ३१ वर्षं काढली ना. दोनदा लढला असेल तर दोन्ही शपथपत्रं शेजारी ठेवून वाच.

मतांसाठी नमुना २०, म्हणजे निकालाचा तक्ता. त्यात केंद्रवार आकडे असतात, आपल्या वाडीचं केंद्र आधी बघ.

प्राधान्यं भाषणात शोधू नकोस. विधिमंडळातले तारांकित प्रश्न, म्हणजे ज्यांना मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात ते, वाच: एलईडी मासेमारी (प्रखर दिवे लावून केलेली), समुद्राने किनारा खाऊ नये म्हणूनचे धूपप्रतिबंधक बंधारे, आंबा-काजूची भरपाई, यातलं त्याने काय विचारलं? मंत्री झाला असेल तर तो प्रश्न विचारत नाही, उत्तरं देतो. आमदार निधीच्या कामांची यादी जिल्हा नियोजन कार्यालयात माग. नाही दिली, तर १० रुपये भरून माहिती अधिकाराचा अर्ज टाक.