पिल्लू लंगडतंय? कॅल्शियमची बाटली जरा बाजूला ठेवा

कोंबडीचं दोन-तीन आठवड्यांचं पिल्लू लंगडायला लागलं की आपला हात आधी कॅल्शियमच्या बाटलीकडे जातो. माझाही गेला होता. चाळीसातली पाच पिल्लं लंगडत होती. मी पाण्यात कॅल्शियम ओतत राहिलो आणि आठवड्याभरात पाचाची आठ झाली. खरी कमतरता मँगनीज या खनिजाची होती, आणि जादा कॅल्शियम आतड्यात तेच मँगनीज अंगी लागू देत नाही.

म्हणून औषधाआधी पाय बघा. पिल्लू मांडीवर उताणं धरा. पायाचा मधला सांधा आपण गुडघा म्हणतो, खरं तर तो घोटा. त्याच्या मागच्या बाजूने अंगठा फिरवा. निरोगी पायात खाचेतून मधोमध एक ताठ शिर (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) लागते. ती बाजूला घसरलेली असेल, सांधा सुजून चपटा झाला असेल आणि खालचा पाय बाहेर वळला असेल, तर हा पेरोसिस, म्हणजे शिर घसरण्याचा आजार. मग चोच दोन बोटांत धरून हलकेच दाबा. चोच रबरासारखी वाकली तर मुडदूस, म्हणजे कॅल्शियम, फॉस्फरस किंवा डी-3 जीवनसत्त्वाचा घोळ. पेरोसिसमध्ये हाडं आखूड-जाड होतात, पण टणकच राहतात. बोटं आत मुडपली असतील तर संशय बी-2 जीवनसत्त्वावर घ्या. एक पाय पुढे, एक मागे असं पडलेलं मोठं पिल्लू दिसलं तर मरेक रोगाची (नसांवर जाणाऱ्या विषाणूच्या आजाराची) शंका धरा आणि सरळ पशुवैद्यकाला बोलवा.

आता खाद्य तपासा. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात विल्गस, नॉरिस आणि ह्यूझर यांनी 1936 च्या सुमारास दाखवलं की मँगनीज दिलं की पेरोसिस टळतो. पिल्लांच्या खाद्यात किलोला साधारण 60 मिलिग्रॅम मँगनीज लागतं, आणि मक्यात असतं जेमतेम 7. मका आणि सोयापेंड एवढ्यावर घरचा भरडा केला तर निम्मी गरजही भागत नाही. मूठभर गव्हाचा कोंडा घातला तर मँगनीज वाढतं, पण कोंड्यातलं फायटेट नावाचं द्रव्य जस्ताला बांधून ठेवतं. जस्त कमी पडलं की पिसं विस्कटतात, पायांवर खपल्या धरतात. दुसरी नेहमीची चूक म्हणजे पिल्लांना अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य टाकणं. त्यात कॅल्शियम साडेतीन-चार टक्के असतं, पिल्लांना एक टक्का पुरतं.

यावर उपाय म्हणजे कुक्कुटखाद्यासाठीचं ट्रेस मिनरल मिश्रण, म्हणजे मँगनीज, जस्त अशा अगदी थोड्या लागणाऱ्या खनिजांची भुकटी. गोठ्यातलं गाई-म्हशींचं मिनरल मिक्श्चर चालत नाही, त्यात कॅल्शियमच जास्त. जस्तासाठी खताच्या दुकानातलं झिंक सल्फेटही नको. ते शेतासाठी असतं, त्यात शिसं-कॅडमियम किती हे खाद्याच्या हिशेबाने तपासलेलं नसतं. मिश्रणाच्या पाकिटावर ‘टनाला 1 किलो’ लिहिलं असेल तर 10 किलो खाद्याला 10 ग्रॅम बसतात. चमच्याच्या अंदाजाने घालू नका, छोटा डिजिटल काटा घ्या. ‘थोडं जास्त बरं’ हा हिशेब इथे अंगाशी येतो, कारण मिश्रणात सेलेनियमही असतं. त्याची गरज किलोला 0.15 मिलिग्रॅमच्या आसपास, आणि काही मिलिग्रॅमला ते विषच ठरतं.

सगळी मेहनत मिसळण्यात आहे. 10 ग्रॅम भुकटी थेट घमेल्यात टाकली तर एका पिल्लाच्या वाट्याला चिमूटभर येते आणि दुसऱ्याला काहीच नाही. आधी ती पावशेर मक्याच्या पिठात चोळा. मग ते एक किलो भरड्यात घाला, ते तीन किलोंत, आणि शेवटी उरलेल्या सगळ्यात. मी ताडपत्री पसरून चारही कोपरे आळीपाळीने उचलतो, ढीग आपोआप उलटापालटा होतो. घरचं आयोडीनयुक्त मीठ किलोला 3 ग्रॅम घाला, पण तेवढ्याने आयोडीनची गरज भागत नाही, म्हणून मिश्रणात आयोडीन आहे का ते पाकिटावर बघा. कोलीन आणि बायोटिन ही जीवनसत्त्वं कमी पडली तरी पाय असाच वाकतो, म्हणून जीवनसत्त्वांचं मिश्रणही घ्या. पण ते वेगळ्या डब्यात ठेवा, खनिजांसोबत ते लवकर निकामी होतं.

पिल्लं घरच्याच कोंबड्यांची असतील तर त्यांच्या आयांचंही खाद्य बघा. मँगनीज बलकातूनच पिल्लाला मिळतं. आईला कमी पडलं तर कवच पातळ होतं, आणि न फुटलेल्या अंड्यात पोपटाच्या चोचीचं, आखूड पायांचं पिल्लू सापडतं.

शिर एकदा पुरती घसरली की ती खाद्याने जागेवर येत नाही. अशी पिल्लं वेगळी ठेवा, दाणा-पाणी त्यांच्या तोंडाशी ठेवा. खाद्य बदलायच्या दिवशीच लंगड्यांच्या पायात लाल दोरा सैलसर बांधा. दोन आठवड्यांनी बिनदोऱ्याचं एकही पिल्लू लंगडत नसेल तर मिश्रण लागू पडलं. लंगडत असेल तर एक पिल्लू आणि मूठभर खाद्य घेऊन पशुवैद्यकीय दवाखान्यात जा.